एका कान्याचे अंतर

मराठीत ‘भिंत पडली’ आणि ‘भिंत पाडली’ या दोन वाक्यांत एका कान्याचे अंतर आहे. पहिले वाक्य ऐकून आपण हळहळतो आणि पुढे जातो. दुसरे ऐकताच ‘कोणी?’ हा प्रश्न ओठांवर येतो. मरणे आणि मारणे, सरणे आणि सारणे, गळणे आणि गाळणे या जोड्याही अशाच. अकर्मक आणि सकर्मक धातूंचा हा भेद आपण सर्वांनी शाळेत उदाहरणांसह पाठ केलेला असतो. तो परीक्षेपुरता नाही, असे आमचे मत आहे. भूतकाळाविषयी बोलताना या जोडीतला कोणता धातू आपण उचलतो, यावर इतिहासाच्या वाक्यातला कर्ता जागेवर राहतो की नाहीसा होतो हे ठरते. आणि तो नाहीसा झाला असेल, तर आपसूक गळला की कोणी गाळला, हा प्रश्न उरतोच.

प्रस्तुत लेखात हा भेद आम्ही एका छायाचित्राला लावून पाहणार आहोत. छायाचित्राला व्याकरण असते काय, अशी शंका कोणी घेईल. आमच्या समजुतीप्रमाणे ते असते, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ते वाचायला शिकावे अशी आज नितांत गरज आहे. कारण कवितेपेक्षा कितीतरी अधिक प्रतिमा आता छायाचित्रांच्या वाटेने आपल्यापर्यंत येतात आणि कवितेपाशी जितके थांबतो तितकेही आपण त्यांच्यापाशी थांबत नाही.

छायाचित्र जुने, कृष्णधवल आहे. दगडविटांची एक दुमजली भिंत उभी आहे. छप्पर नाही. खिडक्यांच्या जागी नुसती भोके उरली आहेत आणि त्यांतून पलीकडची दाट झाडी दिसते. भिंतीच्या माथ्यावर रुजलेल्या झाडाची मुळे दगडांना कवटाळून खाली उतरली आहेत. पायथ्याशी गवत, वर उष्ण प्रदेशातले पांढुरके आकाश. माणूस एकही नाही. खाली केवळ बेटाचे नाव. छायाचित्र सुंदर आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ते पाहताच मनात जे शब्द येतात तेही आपल्या परिचयाचे आहेत: काळाचा महिमा, वैभवाची नश्वरता, निसर्गाने परत घेतलेली भूमी. आमचा आक्षेप या शब्दांना आहे. ते खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. ते फार लवकर येतात, आणि ते आले की पुढचा प्रश्न येत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

बेटाचे नाव बन्स. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन देशाची राजधानी फ्रीटाउन. तिथून सिएरा लिओन नदीच्या विस्तीर्ण मुखातून सुमारे ३० किलोमीटर आत गेले की हे बेट लागते. लांबी सुमारे ५०० मीटर, रुंदी १०० मीटरच्या आसपास. समुद्रावरून येणारी मोठी जहाजे नदीत जिथवर येऊ शकत ती सीमा म्हणजे हे बेट, आणि आतल्या मुलखातून होड्यांनी येणारा माल उतरवून घेण्याची सोयीची जागाही हीच. १६७० च्या सुमारास इंग्रज व्यापाऱ्यांनी येथे ठाणे घातले. जागेबद्दल ते स्थानिक तेमने राजाला भाडे देत. ‘माल’ हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरला आहे. त्यात हस्तिदंत होते, लाकूड होते, आणि अठराव्या शतकात प्रामुख्याने माणसे होती.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाने घोटाळा होतो. तट, बुरूज, तोफा दिसल्या की आपण ‘किल्ला’ म्हणतो. आणि मराठी मनात ‘किल्ला’ हा शब्द आला की त्यामागून वेढा, फितुरी, झुंज, पराक्रम ही सगळी वरात येते. वस्तुतः बन्स बेटावर जे होते त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे. तो शब्द ‘वखार’. सुरतेला, राजापूरला इंग्रजांची वखार होती. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली हे आपण शालेय पुस्तकात वाचतो. वखार म्हणजे माल साठवण्याची, मोजण्याची, भाव ठरेपर्यंत सांभाळण्याची जागा. बन्स बेटावरील तोफा या मालाच्या रक्षणासाठी होत्या, आणि मालाच्या पळून जाण्याविरुद्ध भिंती होत्या. छायाचित्राखाली ‘बेटावरील भग्न किल्ला’ असे लिहिण्याऐवजी ‘माणसांची वखार’ असे लिहिले, तर तेच चित्र, तीच मुळे, तेच आकाश आपण त्याच नजरेने पाहू शकू काय?

आता क्रियापदांकडे येऊ. हा किल्ला ‘पडला’ काय? एकट्या फ्रेंचांनी त्यावर १६९५, १७०४, १७७९ आणि १७९४ असे चार वेळा हल्ले केले. त्यामध्ये चाचेही येऊन गेले. म्हणजे तो पुनःपुन्हा पाडला गेला आणि पुनःपुन्हा बांधला गेला. पाडणारे आणि बांधणारे दोघेही गुलामांच्याच व्यापारातले. भांडण नफ्याचे होते. रॉयल आफ्रिकन कंपनीने १७२८ मध्ये तो सोडला. १७४८ मध्ये लंडनमधील काही व्यापाऱ्यांच्या मंडळीने तो घेतला. त्यांच्यातला प्रमुख भागीदार रिचर्ड ऑस्वाल्ड हा स्कॉटिश सावकार. १७४८ ते १७८४ या काळात या मंडळीने येथून सुमारे १३ हजार माणसे जहाजांवर चढवली. पुढे त्याच्या भाच्या-पुतण्यांच्या पिढीतील अँडरसन बंधूंनी धंदा चालवला. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. मालकांनी लाकडाचा वगैरे व्यापार करून पाहिला, तो पूर्वीसारखा पिकेना, आणि १८४० च्या सुमारास बेट सोडून दिले. त्यानंतर, आणि केवळ त्यानंतर, पाऊस, वेली आणि मुळे यांची पाळी आली.

म्हणजे बांधला, पाडला, बांधला, सोडला, अशी सकर्मक क्रियापदांची दीर्घ मालिका संपल्यावर शेवटी ‘पडला’ हे अकर्मक क्रियापद येते. छायाचित्रात फक्त ते शेवटचे क्रियापद दिसते. छायाचित्राचा हा दोष नव्हे. कॅमेऱ्यासमोर जे असेल तेच कॅमेरा टिपणार. ‘हे होते’ एवढीच ग्वाही छायाचित्र निःसंशयपणे देते, असे रोलाँ बार्थने १९८० मधील आपल्या पुस्तकात मांडले होते. आमची तक्रार वाचकाविषयी आहे. दगडांच्या बाबतीत जे व्याकरण रास्त आहे तेच तो नकळत माणसांना लावतो. भिंती पडल्या, तशी माणसेही ‘गेली’. ‘येथून हजारो आफ्रिकी लोक अमेरिकेत गेले’ हे वाक्य कोणत्याही माहितीफलकावर खपून जाईल. परंतु जाणे आणि नेणे यांत तर एका कान्याहून पुष्कळ मोठे अंतर आहे. ती माणसे गेली नाहीत. ती पकडली, विकली, डांबली आणि नेली. या चारही क्रियापदांना कर्ते आहेत, आणि ते सगळे एकाच वर्णाचे नाहीत. आतल्या मुलखात लढाया आणि धाडी करून माणसे पकडणारे आफ्रिकी सरदार आणि दलाल होते. बेटाचे भाडे घेणारे राजे होते. बेटावर काम करणारे आफ्रिकी नोकरही होते. लंडनमध्ये वह्या लिहिणारे होते. पैलतीरावर बोली लावणारे होते. ‘काळ’ हा कर्ता पुढे केला की हे सर्व एकदम निर्दोष सुटतात.

भग्नावशेषांकडे पाहण्याची जी काव्यात्म रीत आपण विश्वात्मक समजतो, तिलाही जन्मतारीख आहे. पडक्या वास्तूत सौंदर्य शोधण्याची आवड युरोपात अठराव्या शतकात बहराला आली. चित्रकार अवशेष रंगवीत, उमराव आपल्या बागांत खोटे अवशेष बांधून घेत, समीक्षक त्यांवर चिंतने लिहीत. व्होल्ने या फ्रेंच लेखकाचे साम्राज्यांच्या उदयास्तावरचे ‘अवशेष’ हे गाजलेले पुस्तक १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाल्मिराच्या भग्न स्तंभांपाशी बसून मानवी वैभवाच्या नाशावर ते चिंतन करते. नेमक्या त्याच वर्षी बन्स बेटावरची वखार अखंड उभी होती आणि जोरात चालू होती. एकीकडे जुन्या साम्राज्यांच्या पडक्या भिंतींवर अश्रू आणि दुसरीकडे नव्या साम्राज्याच्या भक्कम भिंतींचा नफा, हे दोन्ही एकाच संस्कृतीत, एकाच वर्षी नांदत होते. ती अभिरुची आपण वारशाने घेतली. वारसा घेताना त्यावरचा बोजाही तपासावा लागतो, हे वकिलाला कळते. समीक्षकालाही कळायला हवे.

आणि १७९१ मध्ये या बेटावर एक साक्षीदार आली होती. ॲना मारिया फॉल्कनब्रिज ही इंग्रज स्त्री आपल्या नवऱ्याबरोबर सिएरा लिओनला आली. नवरा अलेक्झांडर पूर्वी गुलामांच्या जहाजांवर शल्यवैद्य होता. पुढे तो या व्यापाराविरुद्ध उभा राहिला आणि १७८८ मध्ये त्याने त्याविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ॲना मारियाचे प्रवासवर्णन १७९४ मध्ये पत्ररूपाने प्रकाशित झाले. बन्स बेटावरील यजमानांकडे जेवणाची वेळ होत आली असताना ती सहज एका खिडकीपाशी गेली. खाली अंगणात दोन-तीनशे माणसे साखळदंडांत होती. त्यांची रिंगणे केलेली होती आणि प्रत्येक रिंगणाच्या मध्ये ठेवलेल्या द्रोणीतून ती भात खात होती. काही मिनिटे तिला तिथून हलता आले नाही. मात्र त्यानंतर घराच्या त्या बाजूने बाहेर पाहणे तिने टाळले, असे तीच सांगते.

साहित्याच्या अध्यापकांनी हा उतारा वर्गात अवश्य घ्यावा असे आम्हांला वाटते, तो करुण आहे म्हणून नव्हे, तर पाहण्याची क्रिया त्यात पूर्ण सापडते म्हणून. बेटावरच्या मुख्य घराचे तोंड नदीकडे होते. कैद्यांची आवारे, पुरुषांचे मोठे आणि बायकामुलांचे लहान, घराच्या लगेच मागे होती. म्हणजे एका घराला दोन दर्शने होती: पाहुण्यांसाठी नदी, आणि मागच्या खिडकीतून तो हिशेब ज्यावर ते घर उभे होते. आमच्या छायाचित्रातील रिकाम्या खिडक्यांतून केवळ झाडी दिसते. परंतु एके काळी त्यांतल्या काही खिडक्यांतून काय दिसत असे हे एकदा वाचले की झाडीला पूर्वीसारखी झाडी म्हणता येत नाही. खिडकीपासून दूर होण्याची सवलत ॲना मारियाला होती. आपल्यालाही आहे, छायाचित्राने तर ती आधीच घेऊन ठेवली आहे.

ही साक्षीदार आदर्श नव्हती, हेही सांगितले पाहिजे. जे तिने पाहिले त्याने ती व्यापाराची विरोधक झाली नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे ती त्या व्यापाराचे समर्थनच करते, आणि परतीचा तिचा प्रवास जमैकामार्गे, गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजातून झाला. पाहिले की कळते आणि कळले की माणूस बदलतो, अशी एक भाबडी श्रद्धा साहित्याच्या शिक्षणात मुरलेली आहे. ॲना मारियाचे पुस्तक तिला छेद देते. पाहणे पुरेसे नसते. जे पाहिले त्याचे वाक्य कसे रचायचे, हा निर्णय पाहिल्यानंतर घ्यावा लागतो.

कर्ता चित्रातून कसा नाहीसा होतो याचे याहून बोलके उदाहरण एका वेगळ्या चित्रात आहे. ऑस्वाल्डची मंडळी बन्स बेटावरून पाठवलेली बरीच माणसे दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदरात विकत. तेथील भातशेतीच्या मळेवाल्यांना पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकाऊ किनाऱ्यावरची माणसे हवी असत, कारण त्यांना भातशेतीची विद्या अवगत होती. वृत्तपत्रांतील जाहिरातींत किनाऱ्याचे नाव मालाच्या प्रतीसारखे छापले जाई. चार्ल्सटनमधील ऑस्वाल्डचा आडत्या होता हेन्री लॉरेन्स. विक्रीवर तो दहा टक्के दलाली घेई. पुढे अमेरिकी वसाहतींनी बंड केले आणि हाच लॉरेन्स १७७७ मध्ये त्यांच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला. इंग्रजांनी त्याला समुद्रात पकडून लंडनच्या टॉवरमध्ये टाकले, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी जामीन राहिला तो ऑस्वाल्ड. आणि ३० नोव्हेंबर १७८२ रोजी पॅरिसमध्ये स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या झाल्या, तेव्हा ब्रिटनच्या बाजूने सही करणारा ऑस्वाल्ड होता आणि समोरच्या चार अमेरिकी प्रतिनिधींत लॉरेन्स होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या कागदावर समोरासमोर बसलेले हे दोघे जुने भागीदार; त्यांची ओळख बन्स बेटाच्या मालातून झालेली.

बेंजामिन वेस्ट या चित्रकाराने हा प्रसंग रंगवायला घेतला. अमेरिकी प्रतिनिधी त्याने रंगवले. लॉरेन्स त्यांत आहे. ऑस्वाल्ड मात्र चित्रासाठी बसला नाही आणि कॅनव्हासची ती बाजू कोरीच राहिली. आज हे अपुरे चित्र अमेरिकेतील विंटरथर संग्रहालयात आहे. या दोन प्रतिमा शेजारी ठेवाव्यात असे आम्ही सुचवतो. एकीत वखार आहे आणि मालक नाही. दुसरीत मालकाची जागा आहे आणि मालक नाही. पहिल्या चित्रातील रिकामेपण आपल्याला काव्यमय वाटते, दुसऱ्यातील केवळ अपुरे. ही दोन रिकामपणे एकमेकांची उत्तरे आहेत, हे कळायला चित्रे पुरत नाहीत. त्यासाठी वाचावे लागते.

तरीही नाहीसे झालेले सगळेच कर्ते शोधून सापडतात असे नाही, आणि ज्यांच्यावर ही क्रियापदे कोसळली त्यांची नावे तर जवळजवळ सापडतच नाहीत. वह्यांत संख्या आहेत. १७५६ मध्ये सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून नेलेली एक मुलगी चार्ल्सटनला विकली गेली. घेणाऱ्याने वहीत तिचे वय दहा वर्षे लिहिले आणि नाव ‘प्रिसिला’ ठेवले. तिच्या आईने ठेवलेले नाव कोणत्याही कागदावर नाही. तिच्या वंशाची साखळी मात्र कागदोपत्री आजच्या काळापर्यंत जोडता आली आणि २००५ मध्ये तिच्या सातव्या पिढीतील एक वारस सिएरा लिओनला येऊन गेली. कॅनडातील कादंबरीकार लॉरेन्स हिल याने २००७ मध्ये ‘द बुक ऑफ नीग्रोज’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका अमिनाता लहानपणी याच बेटावरून नेली जाते आणि उत्तरायुष्यात त्याच बेटावर परत येऊन उभी राहते. वहीत जिथे संख्या आहे तिथे कादंबरी नाव ठेवते. हे नाव कल्पित आहे, ते पुरावा नव्हे. परंतु पुराव्यात नेमके कोणते भोक आहे, त्याचा आकार केवढा आहे, हे त्या कल्पित नावामुळे दिसू लागते. कल्पित साहित्याचा इतिहासाशी असलेला प्रामाणिक संबंध आम्हांला हाच वाटतो.

मग छायाचित्राने काय करावे? याच बेटाच्या बाबतीत त्याचे उत्तर एका माणसाने देऊन ठेवले आहे. सिएरा लिओनमधील एक वैद्यकव्यावसायिक, डॉ. एम. सी. एफ. ईझमन, १९४७ मध्ये बेटावर मोहीम घेऊन गेले. देश तेव्हा ब्रिटिशांच्याच ताब्यात होता. त्यांनी आधी माजलेली झाडी तोडली, मग अवशेषांचे मोजमाप घेऊन नकाशा केला आणि प्रथमच पद्धतशीर छायाचित्रे काढली. १९४८ मध्ये बेटाला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. या क्रमाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे: आधी झाडी तोडणे, मग मोजणे, मग कॅमेरा. ज्या वेलींमुळे अवशेष मोहक दिसतात त्याच वेली भिंतीची रेषा, दरवाजाची जागा, आवाराची हद्द झाकतात. ईझमन यांनी मोह छाटला आणि मग छायाचित्र काढले. एकाच भिंतीचे दोन फोटो असू शकतात, एक वेलींसह आणि एक वेलींशिवाय. आणि त्यांत केवळ शैलीचा फरक नसतो.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. अशा वाचनाने सौंदर्याचाच बळी जात नाही काय? प्रत्येक सुंदर गोष्टीपाशी थांबून तिच्याकडे जबाब मागत राहिलो तर रसास्वाद उरणार कुठे? आम्ही या आक्षेपाची टर उडवणार नाही, कारण पाठ्यपुस्तकी नैतिकतेने साहित्याचे केलेले नुकसान आम्हीही पाहतो. परंतु या छायाचित्रातील सौंदर्य नेमके कशाचे आहे, एवढे तरी विचारू. ते ओसाडपणाचे आहे. आणि येथला ओसाडपणा हे दुःख नव्हे. या भिंती पडल्या कारण हा व्यापार बंद पाडला गेला. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी, बंडे करणाऱ्यांनी, अर्ज आणि पुस्तिका लिहिणाऱ्यांनी, शेवटी कायदा करणाऱ्यांनी तो बंद पाडला. त्या मुळांनी दगड फोडले ही जगाच्या इतिहासातील थोडक्या चांगल्या बातम्यांपैकी एक आहे. मग अवशेष पाहून हळहळायचे कशासाठी? हळहळ हा येथे चुकीचा रस आहे. कर्ते जागेवर ठेवून पाहिले तर सौंदर्य नष्ट होत नाही. त्याचा रस बदलतो. त्यात एक कठोर समाधान येते, आणि त्याच्या तळाशी भय.

यातून एक पेच मात्र उभा राहतो आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही. भिंती पडणे चांगलेच होते, तर त्या आता जपायच्या कशाला? २००८ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत बन्स बेटाचा समावेश केला होता. नदी बेटाचा काठ खाते आहे, पाऊस आणि मुळे आपले काम करीत आहेतच. आमचे उत्तर असे: वास्तू म्हणून ती जपण्याचे काही कारण नाही, पुरावा म्हणून मात्र आहे. न्यायालयात ठेवलेले हत्यार कोणी सौंदर्यासाठी जपत नाही. ज्यांची नावे कागदावर नाहीत त्यांच्या बाजूने साक्ष देणारी त्या आवाराची हद्द, ती लांबी-रुंदी, एवढीच वस्तू उरली आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष कॉलिन पॉवेल, त्याआधी १९८९ मध्ये दक्षिण कॅरोलिना-जॉर्जियातील गुल्ला समाजाचे प्रतिनिधी या बेटावर येऊन गेले. त्यांना तेथे अवशेषांचे सौंदर्य पाहायचे नव्हते. जिथून आपली माणसे नेली ती जागा पायाखाली असल्याची खात्री हवी होती.

आता थोडे आपल्या अंगणात. दूर देशीच्या पापाविषयी सकर्मक क्रियापदे वापरणे फार सोपे असते. मराठीत दुर्गांविषयी विपुल लेखन झाले, गो. नी. दांडेकरांसारख्यांनी त्याला भक्तीची उंची दिली. त्या लेखनाने आपल्याला पडक्या तटाकडे पाहण्याच्या दोन रीती शिकवल्या: अभिमान आणि खंत. बन्स बेटासमोर या दोन्ही निकामी ठरतात, म्हणूनच ते बेट आम्हांला आपल्या उपयोगाचे वाटते. तिसरी रीत शिकायची तर तिथून परत येऊन आपल्या अवशेषांकडे पाहावे लागेल. शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला. उरलेल्या जोत्यांची छायाचित्रे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. त्यांत आपण महाल शोधतो, कारंजे शोधतो, पेशव्यांच्या पायऱ्या शोधतो. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, त्यांच्या किमती आहेत. सरकारी कोठ्यांत, किल्ल्यांवर, वाड्यांत त्या राबत होत्या. बन्स बेटाचा महासागरापार चालणारा व्यापार आणि कुणबिणींची प्रथा एकच होती असे आम्ही म्हणत नाही. प्रमाण वेगळे, पद्धत वेगळी, समाज वेगळा. परंतु जोत्याचे छायाचित्र पाहताना ‘त्या कोठे निजत असतील?’ हा प्रश्न आपल्याला एकदाही का सुचत नाही, हे विचारायला तुलना लागत नाही. ‘वाड्यात कुणबिणी असत’ असे आपण लिहितो. ‘असत’ हे क्रियापद पाहा. त्या तिथे असत, जणू पारिजातकासारख्या. वाड्यात कुणबिणी ठेवत, हे वाक्य लिहिताना मात्र लेखणी अडखळते.

आमची मागणी मोठी नाही. पदव्युत्तर वर्गात भग्नावशेषांवरील कविता, प्रवासवर्णन किंवा छायाचित्र चर्चेला येईल तेव्हा विद्यार्थ्यांकडून आस्वादाच्या आधी एक लहानसे काम करून घ्यावे. त्या कृतीतली, किंवा तिच्याविषयी आपल्या मनात उमटलेली, सर्व क्रियापदे एका खाली एक लिहावीत. अकर्मक कोणती, सकर्मक कोणती, अशा दोन रांगा कराव्यात. मग प्रत्येक अकर्मक क्रियापदाला काना लागतो काय ते पाहावे. पुष्कळदा लागणार नाही; पाऊस पडतो, तो कोणी पाडत नाही, आणि ज्या भिंती खरोखर पडल्या त्या पडल्याच म्हणाव्यात. पण जिथे काना लागतो आणि तो कोणी तरी पुसलेला आहे, तिथे तो पुन्हा लिहावा. त्यानंतर वाक्य पूर्वीइतके गोड वाचले जाणार नाही. ते खुशाल तसेच राहू द्यावे.